‘योजना आहे, मग खर्च कसला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाणीटंचाई, डेंग्यू आणि मराठवाड्यातील कुटुंबांचा घरखर्च यांचा संबंध मी मागील लेखात मांडला होता: टंचाईमुळे घरोघरी पाणी साठवले जाते, त्यात डेंग्यूचे डास वाढतात आणि आजाराच्या खर्चात घरची बचत संपते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. डेंग्यू हा अस्वच्छतेचा आजार असून त्यात हवामानबदल ओढूनताणून आणला आहे, हा पहिला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळत असताना खर्चाची ओरड निरर्थक आहे, हा दुसरा. आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी लोकांनी स्वतः बचत करावी, विमा घ्यावा, हा तिसरा. आपली भाषा कडक असली तरी प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारात नव्हे, तर मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रांजण, बॅरल, कूलर, सिमेंटची टाकी या त्याच्या जागा असल्यामुळे रोज झाडलोट होणाऱ्या नीटनेटक्या घरातही तो निपजतो. हवामानाचा संबंध तर पुण्यातच तपासला गेला आहे. भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांचा 2025 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, पावसाळ्यातील सरासरी तापमान 27 अंशांपेक्षा अधिक, आर्द्रता 60 ते 78 टक्के आणि पाऊस मध्यम व समप्रमाणात पडणारा असेल, तर पुण्यात डेंग्यूला पोषक स्थिती निर्माण होते. उलट आठवड्यात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तर अंडी आणि अळ्या वाहून जातात. शहरातील डेंग्यूचे मृत्यू 2030 पर्यंत सुमारे 13 टक्क्यांनी वाढतील, असा त्यांचा अंदाज आहे. हवामान हे एकमेव कारण आहे असे यातून निघत नाही आणि माझ्या लेखातही तसे म्हटलेले नव्हते.

माझा मुख्य मुद्दा पाणी साठवण्याविषयी होता आणि नेमका तोच आपल्या प्रतिक्रियेतून सुटला आहे. मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. असा उन्हाळा पाहिलेले कुटुंब पुढे पावसाच्या भरवशावर राहत नाही. ऐपतीप्रमाणे एक-दोन बॅरल, जमल्यास टाकी विकत घेते आणि भरून ठेवते. टंचाईशी जुळवून घेणे म्हणतात ते हेच, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या बॅरलला घट्ट झाकण नसते, त्यात एडिसची पैदास होते. आरोग्य विभाग आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असे सांगतो. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, हे लक्षात घेता सल्ला शास्त्रशुद्धच आहे. पण जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे शिल्लक पाणी ओतून देण्याचे धाडस कोण करील? शिवाय नुसते ओतूनही भागत नाही. भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात, म्हणून कडा घासाव्या लागतात. दोनशे लिटरचे बॅरल आडवे करून आतून घासण्याचे हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते, आणि ते कोणत्याही खर्चाच्या हिशेबात धरलेले मी तरी पाहिलेले नाही. सर्वेक्षणाला आलेले कर्मचारी पाण्यात ॲबेट हे अळीनाशक टाकू लागले की पुष्कळ ठिकाणी लोक नको म्हणतात, कारण तेच पाणी प्यायचे असते.

आता योजनेविषयी. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, हा आपण दिलेला आकडा बरोबर आहे आणि ती घट मोलाची आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेल्या या उपक्रमाचा मी टीकाकार नाही. मोठ्या शस्त्रक्रियेपायी शेत विकण्याची पाळी तिने अनेकांवरून टाळली. तथापि, तिचा आधार मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला मिळतो. डेंग्यूचे बहुसंख्य रुग्ण दाखल होतच नाहीत. गल्लीतल्या दवाखान्यात सलाइन, रक्ताची तपासणी, दुसऱ्या दिवशी प्लेटलेटसाठी पुन्हा तपासणी, रिक्षाभाडे, फळे आणि बुडालेली मजुरी, असा त्यांचा खर्च असतो.

मजुरीचेच पाहा. रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. रुग्णाचे चौदा दिवस आणि त्याच्यापाशी बसणाऱ्याचे सहा दिवस धरले, तर 6,240 रुपये बुडाले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च 4,452 रुपये आणि खाजगीत 31,845 रुपये होता. वर्षे वेगळी असल्यामुळे या रकमा एकमेकींशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक आहे. तरीही दवाखान्याच्या बिलाबाहेरचा खर्च किरकोळ नसतो, एवढे त्यातून दिसते. आणि बुडालेली मजुरी ही योजना भरून देत नाही.

त्याच फेरीत आणखी एक माहिती आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रामीण भागात दाखल होण्याचा खर्च सुमारे 80 टक्के प्रकरणांत मुख्यतः उत्पन्नातून वा बचतीतून भागवला गेला; कर्ज हा मुख्य आधार असलेली प्रकरणे 13 टक्क्यांच्या आसपास होती. आपण ‘बचत करा’ म्हणता ती बचत आजार आधीच खाऊन टाकतो. झाकणाची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याखाली छत किंवा पत्र्यावर पांढरा रंग, या गोष्टींसाठी ठेवलेले चार पैसे श्रावणात तापावर खर्च झाले, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच घर पुन्हा तसेच तापते आणि पाणी पुन्हा उघड्या बॅरलमध्येच साठते.

विम्याचा आपला मुद्दा टाकाऊ नाही. ‘सेवा’ संघटनेने राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातील सुमारे 50 हजार असंघटित कामगार महिलांसाठी 2024 मध्ये उष्णतेचा विमा राबवला. ठरलेले तापमान ओलांडले की बिले न मागता पैसे खात्यावर जमा होतात, ही त्याची रचना मला आवडली, आणि त्या उन्हाळ्यात 46 हजारांहून अधिक महिलांना रक्कम मिळालीही. मात्र ती उन्हात बुडालेल्या रोजाची अंशतः भरपाई होती. थर्मामीटरवर चालणारा विमा बॅरलमधल्या अळ्या मोजत नाही.

‘ज्याची त्याची जबाबदारी’ हे तत्त्व मला निम्मेच मान्य आहे. बॅरल घासणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणे ही नव्हे. नगरपालिकेने वेळेवर पाणी दिले असते तर जे बॅरल घ्यावेच लागले नसते, त्याची किंमत, त्याच्या झाकणाची किंमत आणि त्यातून आलेल्या तापाची किंमत एकाच घराने मोजावी, हे मला पटत नाही. निदान झाकणे किंवा मापाच्या जाळ्या घरोघरी देणे हे पावसाळ्याआधीच्या धूरफवारणीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल, असे माझे मत आहे, कारण घरातच वावरणाऱ्या आणि दिवसा चावणाऱ्या या डासापर्यंत रस्त्यावरचा धूर फारसा पोहोचत नाही. आपल्या गावात कोरडा दिवस आणि पाणी सोडण्याचा दिवस यांचा मेळ कसा घालतात, हे कळवलेत तर मला ते जाणून घ्यायला आवडेल.