वनहक्क ही सरकारची मेहेरबानी नव्हे

2006 च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत संसदेने कबूल केले आहे की, इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी जंगलांच्या हद्दी ठरवताना आदिवासींचे पिढीजात हक्क नीट नोंदवले गेले नाहीत आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारने स्वतःची चूक कायद्यातच लिहून ठेवावी, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. म्हणूनच, त्याच कायद्याखाली आपण कसत असलेल्या वनजमिनीवर दावा दाखल करणाऱ्या माणसाला अतिक्रमणदार समजून वागवले जाते, तेव्हा मला संताप येतो.

गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुने बांध, विहिरी, स्मशानभूमी हे सारे पुरावे नियमांनुसार ग्राह्य आहेत. उपग्रह छायाचित्र केवळ पूरक असून ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, हेही 2012 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले जातात, आणि काही एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा वनपट्टा पडतो. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत आले, ते मुख्यतः याच दाव्यांसाठी. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून, फोड आलेल्या पायांनी, ते शेवटचा टप्पा रात्रीच चालले. अशा लोकांना त्याच मागणीसाठी 2023 मध्ये पुन्हा रस्त्यावर यावे लागले, ही माझ्या मते शासनासाठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

सामूहिक हक्कांची कथाही फार वेगळी नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणारे जंगलातले उत्पादन, असल्याचे कायद्यातच म्हटले आहे. तरीही तो बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी ग्रामसभेला झगडावे लागले. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. हक्क कागदावर मान्य करायचा आणि परवान्याची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, ही वनखात्याची जुनी सवय आहे.

फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि दोनच आठवड्यांत त्याला स्थगिती दिली. पण फेटाळलेल्या कित्येकांना नकाराचे कारणच लेखी कळवलेले नव्हते. मग साठ दिवसांत अपील करणार तरी कसे? म्हणून फेटाळलेला प्रत्येक दावा ग्रामसभेसमोर, दावेदाराच्या उपस्थितीत, शेताच्या बांधावर उभे राहून पुन्हा तपासावा, आणि ते होईपर्यंत एकाही कुटुंबाला जमिनीवरून उठवू नये.