डाव्या पायाचं पायताण

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला मी एका कोल्ह्याला ‘सॉरी’ म्हणालो. आज शनिवार उजाडला तरी ते मनातून जात नाही.

झालं इतकंच, की चहाचं आधण ठेवून मी मागचं दार उघडलं. पायरीवर तो उभा. तोंडात माझं डाव्या पायाचं कोल्हापुरी पायताण. लग्नघरात कडी न लावलेलं मोरीचं दार ढकलावं आणि आत कुणाचे तरी मामा निघावेत, तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून ‘सॉरी’ गेलं आणि हातानं दार लोटूनही घेतलं. माझ्याच घराचं दार, माझीच चप्पल, आणि शरमलो मी! भान येऊन पुन्हा उघडलं तोवर स्वारी कुंपणावर चढली होती. पळत नव्हता हो. निघाला होता. सकाळी दूध आणि पेपर घेऊन माणसं घरी निघतात तसा.

पायताण कापशी घाटाचं होतं. मागच्या दिवाळीत कोल्हापुरात चप्पल लायनीत दीड तास घासाघीस करून आणलेलं, चालताना करकर वाजणारं. वायव्य लंडनमध्ये ते घालून मिरवायच्या जागा तीन: गणपती, कुणाचं तरी लग्न आणि आमचं मागचं अंगण. बँक हॉलिडेच्या सोमवारी चक्क दोन तास ऊन पडलं, म्हणून एरंडेल चोपडून दाराबाहेर ठेवलं आणि विसरलो. बायकोनं ‘तरी मी सांगत होते’ असं म्हटलं. तिनं काही सांगितलं नव्हतं, पण लग्नाला एकवीस वर्षं झाली की ते वाक्य मागच्या तारखेनं लागू होतं.

‘कोल्ह्यानं कोल्हापुरी नेली’ हा विनोद मला आतापर्यंत अकरा जणांनी ऐकवलाय. प्रत्येकाला तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला असं वाटतं. एकानं तर मुद्दाम फोन केला आणि मी हसेपर्यंत ठेवला नाही. मेहुणा पुण्याचा, त्यामुळं तो जरा पुढं गेला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. मेहुणा म्हणाला, “त्या मानानं तुझा कोल्हा सभ्य. एकच पाय नेला.” मी फोन म्यूट करून त्याला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

पण खरा प्रसंग पुढं आहे. शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि दोन घरांमधलं कुंपण छातीइतकं आहे, म्हणजे त्यांचं फक्त डोकं दिसतं. मी कुंपणाशी गेलो. (बोलणं इंग्रजीत झालं, पण माझा संताप मराठीत होता, म्हणून मराठीत देतो.)

“तुमच्या कोल्ह्यानं माझी चप्पल पळवली.”

“माझा नाही तो, डार्लिंग. तो कुणाचाच नाही,” बाई म्हणाल्या. हातात कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा होता. बाईंकडं कुत्रा नाही. “एका कानाचा तुकडा गेलेला होता का?”

“होता.”

“मग नायजेल. तरीच आज इतका खुशीत आहे! चप्पल बाहेर होती का?”

“हो.”

“बाहेर,” विम्याचा माणूस फॉर्म भरताना म्हणतो तशा त्या म्हणाल्या.

“आमच्याकडं चपला दाराबाहेर काढतात.”

“किती छान. कशाची होती?”

“चामड्याची. म्हशीच्या.”

बाईंचा चेहरा पडला. “म्हशीच्या? त्यानं म्हैस कधी खाल्लेली नाही. पोटाला बाधणार तर नाही? आणि हल्ली चामड्याला कसली कसली केमिकलं लावतात.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माणसाच्या आत त्याचा जिल्हा बसलेला असतो. मी म्हणालो, “केमिकल? कोल्हापुरीला? नाव नको. बाभळीची साल आणि हिरडा, यातच कमावतात. शिलाईसुद्धा चामड्याच्याच वादीची. एक खिळा सापडला तर सांगा.” पुढची दहा मिनिटं, पायात प्लॅस्टिकच्या सपाता घालून, कुंपणाला टेकून, मी माझ्याच चोरीला गेलेल्या चपलेला खाण्यायोग्य असल्याचं सर्टिफिकेट देत होतो. पोलिसांना चोराच्या पचनाची काळजी आणि फिर्यादी देतोय पाककृती!

“म्हणजे ऑरगॅनिक,” बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. “पण तुकतुकीत कशानं दिसत होती?”

“एरंडेल लावलं होतं.”

“कॅस्टर ऑइल!” बाईंनी डोळे मिटले. लहानपणी दर आठवड्याला त्यांची आई चमचाभर पाजायची म्हणे. माझी आजीही पाजायची. साता समुद्रांपलीकडच्या दोन बालपणांचा तोंडाला आलेला तो एकच चिकट स्वाद. क्षणभर आम्ही दोघंही गप्प झालो. मग बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे उद्या सकाळी नायजेल जरा घाईत असेल.”

मी हसलो. हसायला नको होतं, कारण त्यामुळं माझी बाजू पडली. बाईंनी लगेच निकाल दिला: तेल लावलं, ऊन दाखवलं, दारात मांडून ठेवलं, मग त्या बिचाऱ्यानं काय समजायचं? आणि निघता निघता, “शेडखाली चार पिल्लं आहेत. एका चपलेवरून मारामाऱ्या चालल्यात. दुसरी आहे ना तुझ्याकडं? नाहीतरी एकटी काय कामाची?”

हे तर्काला इतकं धरून होतं की मला रडू आलं असतं.

“फार हुशार आहे हो तो,” हे त्यांचं शेवटचं वाक्य. ते मात्र खोटं आहे, आणि याचा पुरावा आहे. हल विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंड-स्कॉटलंडात शंभराहून अधिक ठिकाणी खाऊ भरलेली कोडी ठेवली आणि कॅमेरे लावले. २०२३ साली निष्कर्ष आला: लंडनचे कोल्हे कोड्याला हात लावायला खेड्यातल्यांपेक्षा जास्त धजावतात, पण ते सोडवण्यात काही पुढं नाहीत. याला हुशार म्हणत नाहीत. आमच्याकडं याला निर्ढावलेला म्हणतात, आणि तसा एक प्रत्येक वाड्यात असतो. नायजेलला अक्कल लागतच नाही. माणूस काही करत नाही एवढं एकदा कळलं की बाकी कशाची अक्कल हवी? २०११ साली एक कोल्हा बांधकाम चाललेल्या शार्ड इमारतीत थेट बहात्तराव्या मजल्यावर सापडला. मजुरांचं उरलंसुरलं खाऊन मजेत राहत होता. लोकांनी त्याचं नाव रोमिओ ठेवलं, खाली आणून दवाखान्यात तपासलं आणि सोडून दिलं. मी शार्डवर अजून गेलेलो नाही. तिकीट बघून परत फिरलो.

हे कोल्हे लंडनमध्ये घुसले ते १९३० च्या दशकात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आमच्यासारखी जोडघरं बांधली, मागं लांब लांब अंगणं ठेवली, आणि त्यांना आयती सोय झाली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं १९३२ साली. म्हणजे आम्ही साधारण एकाच बोटीनं आलो म्हणायला हरकत नाही. पण फरक बघा. आमच्या घरी गणपतीच्या आरतीत झांजा जरा जोरात वाजल्या की आम्हीच एकमेकांना ‘हळू, शेजारी आहेत’ म्हणून दाबतो. ‘घालीन लोटांगण’ तर कुजबुजतच होतं. भाजीला लसणाची फोडणी द्यायची तर आधी खिडक्या लावायच्या. आणि हे कोल्ह्यांचं जोडपं जानेवारीत रात्री दोन वाजता माझ्या खिडकीखाली असं किंचाळतं की पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं कुणाचा तरी खून पडतोय. एकाही शेजाऱ्यानं कधी चिठ्ठी टाकली नाही त्यांना. आम्हाला टाकली होती, एका बारशाच्या वेळी, संध्याकाळी साडेसातला. ती अजून माझ्याकडं आहे.

कौन्सिलला फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड मुलगी म्हणाली, उंदीर असतील तर माणूस पाठवते. कोल्हा उपद्रवी प्राण्यांत धरत नाहीत, त्याचा बंदोबस्त करणं आमच्यावर बंधनकारक नाही. मी म्हटलं, कौन्सिल टॅक्स मी भरतो. ती म्हणाली, आणखी काही मदत करू शकते का?

शेवटी कागलजवळच्या आत्याला फोन लावला.

“अरं, मग दगुड हाण की एक!”

“आत्या, इथं दगड नाहीत.”

“दगुड न्हाईत? कसला मुलूख म्हणायचा ह्यो!”

तिला काय सांगू, की इथं दगड दुकानात पिशवीतून विकत मिळतात. आणि विकत आणले तरी उपयोग नाही. इथं १९९६ चा एक कायदा आहे. रानटी जनावराला निष्कारण यातना देण्याच्या हेतूनं काय काय करायचं नाही याची त्यात यादीच दिली आहे: लाथ मारायची नाही, बडवायचं नाही, भोसकायचं नाही आणि दगड मारायचे नाहीत. दगडांचा खरोखर उल्लेख आहे. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी आमच्या आत्याला नक्की भेटलेलं असणार.

“आमच्या उसात हाईत की कोल्ही,” आत्या म्हणाली. “मानसाचा वास आला की पसार. आन् तुझं त्ये कोल्हं न्हवंच मुळी. लाल हाय, शेपूट झुपकेदार हाय, म्हंजी खोकड त्ये.”

आत्याचं बरोबर आहे. आपला कोल्हा वेगळा, हे खोकडाच्या जातीतलं. द्राक्षं आंबट म्हणणारासुद्धा मूळचा खोकडच, आपण त्याला भाषांतरात बढती दिली. म्हणजे मी ‘सॉरी’ म्हणालो तेही खोकडाला.

गुरुवारी रात्री मी हरलो. उजवं पायताण कपाटात एकटं बघवत नव्हतं. मनात आलं, गेलं तर निदान जोडी तरी एकत्र राहील, शिवाय चार पिल्लं. पुसून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, दाराबाहेर पायरीवर ठेवलं. पाव्हण्याला पाट मांडावा तसं.

सकाळी तिथंच होतं. दात लागलेला नव्हता, जागचं हललंही नव्हतं. फक्त नायजेल त्यावर मुतून गेला होता.

मी ते दोन बोटांत धरून नळाकडं निघालो, तेवढ्यात कुंपणावर पांढरं डोकं उगवलं. “ओह, हाऊ लव्हली!” बाई म्हणाल्या. “म्हणजे आता ते त्याचं झालं.”

आणि मी, देवाशपथ सांगतो, ‘थँक यू’ म्हणालो.