आधी पाडायचं, मग 'ग्रीन' बांधायचं

गच्चीवर सोलर पॅनेल, बाल्कनीत झाडं, गेटवर 'ग्रीन बिल्डिंग'ची पाटी. आणि त्याच जागी कालपरवापर्यंत उभी असलेली धडधाकट इमारत? ती कुठल्याच हिशेबात धरलेली नसते. हवामान बदल आणि वास्तुकला हा विषय निघाला की मला नेमकं हेच खटकतं.

जगातल्या कार्बन उत्सर्जनात एक तृतीयांशाहून जास्त वाटा इमारती बांधण्याचा आणि वापरण्याचा आहे. वापरावर आपण भरपूर बोलतो: एसी, दिवे, लिफ्ट. बांधण्याचं मात्र कुणी नाव काढत नाही. एकट्या सिमेंटचाच वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. त्याची भट्टी १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, पण खरी गोम इंधनात नाहीच. चुनखडी तापली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग हाच. उद्या भट्ट्या सौरऊर्जेवर चालवल्या तरी तो निघणारच. म्हणजे नव्या टॉवरमध्ये पहिला माणूस राहायला येण्याआधीच केवढा तरी कार्बन हवेत गेलेला असतो. पुढची कित्येक वर्षं वीज वाचवून ती उधारी फेडत बसायचं.

फ्रान्समध्ये बोर्दो शहरात १९६० च्या दशकातल्या तीन इमारती होत्या, एकूण ५३० घरं. आन लाकातों, जाँ-फिलीप व्हासाल या आर्किटेक्ट जोडीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पाडल्या नाहीत. बाहेरून नवा सांगाडा जोडून घरांना ऐसपैस काचबंद व्हरांडे दिले. जुन्या खिडक्यांच्या जागी सरकती दारं आली. थंडीत व्हरांड्यात ऊन साठतं, उन्हाळ्यात दारं सरकवली की वारा खेळतो. काम चालू असताना रहिवासी तिथेच राहत होते! या कामाला २०१९ मध्ये युरोपचा मानाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये लाकातों-व्हासाल जोडीला प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला जगातला सर्वांत मानाचा पुरस्कार.

प्रत्येक जुनी इमारत वाचवता येत नाही, मान्य. पाया खचला, सळ्या गंजल्या तर पाडावीच लागेल. पण तसं आहे का, हे तपासायच्या आधीच नव्या इमारतीचं चकचकीत चित्र तयार असतं.

याचं एक कारण पैशातही आहे. आर्किटेक्टची फी बऱ्याचदा बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर ठरते. 'इथे नवं काही बांधू नका' असा सल्ला देणारा स्वतःच्याच पोटावर पाय आणतो. तपासणीची आणि दुरुस्तीच्या आराखड्याची वेगळी, भरघोस फी ठरवा. मग बघा, किती इमारती अचानक 'धोकादायक' राहत नाहीत ते.