समईची मान आणि माझी हत्यारं

गणपतीच्या आठ दिवस आधी माळ्यावरून पूजेच्या उपकरणींचं गाठोडं खाली उतरतं आणि घरातला प्रत्येक जण धातुशास्त्रज्ञ होतो. कुणी चिंच म्हणतं, कुणी लिंबू-मीठ, कुणी फ्रिजमधला टोमॅटो सॉस. मी हत्यारांच्या पक्षाचा. मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, एक चक्कर मारली, की ड्रिलला लावायचं कापडी चाक आणि हिरवी पॉलिशची वडी यांच्याशिवाय पितळ घासणं म्हणजे रानटीपणा, असं मला दर वर्षी वाटतं.

वाटू द्यावं. चाक नक्षी खातं. ताम्हणाच्या काठावरची वेल दोन मिनिटांत गुळगुळीत होते आणि मग तिला वेल म्हणायला शेजारच्या काकूही तयार होत नाहीत. चाकाला वस्तूची कड समोरून दाखवली, तर ते ती हिसकावून थेट भिंतीवर फेकतं. सुती हातमोजे घालून तर चाकापाशी जाऊच नये, धागा गुंडाळला की बोटही त्याच्या मागोमाग जातं. लोखंडी तारेचा ब्रशही नको, लोखंड पितळेहून कडक. पितळी तारेचा ब्रश, जुना टूथब्रश आणि नारळाची शेंडी: सगळं मिळून वडापावच्या भावात.

पहिलं हत्यार मात्र फ्रिजवरचं लोहचुंबक. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं, तर वस्तू लोखंडाची आणि वर नुसता पितळी मुलामा. तिला जोरात घासाल, तर ऐन आरतीत खरं रूप दिसेल.

सगळ्यांचं चुकतं ते यानंतर. समईवर वर्षभराचं तेल आणि काजळी असते. चिंच त्यावरून घसरते आणि शिव्याही चिंचच खाते. आधी लिटरभर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, पंधरा मिनिटं भिजत, मग टूथब्रश. चिकटपणा गेल्यावरच आंबट. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, वाण्याच्या भाषेत लिंबूफूल. पाच ते दहा मिनिटं, घड्याळ लावून. रात्रभर ठेवलंत, तर सकाळी निरांजन गुलाबी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जस्त आधी निघून जातं आणि वर तांबं उघडं पडतं. तो गुलाबीपणा घासून घालवता येतो, पण तोवर गणपती दारात आलेले असतात.

कल्हईच्या पातेल्याला आतून फक्त मऊ फडकं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, 232 अंशांना वितळणारा. पातेलं रिकामं गॅसवर राहिलं, की तिचे मणी होऊन तळाशी लोळतात.

बाटलीतलं पॉलिश घेताना झाकण उघडून वास घ्या. अमोनियाचा झणका आला, तर बाटली परत फळीवर. बंदुकीची काडतुसंही पितळेचीच, 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानात ती पावसाळ्यात तबेल्यांत ठेवत आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ठोकून-ओढून घडवलेल्या धातूतला ताण यांची ती युती होती, हे 1921 साली उलगडलं. रिकामी काडतुसं साफ करून पुन्हा भरणारे नेमबाज अजूनही अमोनियाला बिचकतात आणि अक्रोडाच्या कवचाच्या भुश्यात ती घोळवतात. आपली घंटाही ठोकून घडवलेली असेल, तर तिलाही तोच नियम.

आता समईची मान. ती आट्यांची असते आणि अडकलेली असते. पक्कड थेट लावलीत, तर दात उमटतात आणि ते नातवंडांनाही दिसतात. आट्यांवर पातळ तेलाचे दोन थेंब, रात्रभर मुक्काम, सकाळी दोन्ही हातांत भांडी घासायचे रबरी मोजे आणि पीळ. गॅसवर तापवून सोडवायला जाऊ नका, कुठे डाक (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू) दिलेला असेल तर समईचे जितके भाग तुम्हाला हवे होते त्याहून जास्त हाती येतील.

शेवटी साध्या पाण्याने दोनदा खळबळून पुसणं. नक्षीच्या खाचेत चिंचेचा कण राहिला, तर आठवडाभरात तिथे हिरवा ठिपका. भाद्रपदात मुंबईत ऊन मागायचं कुणाकडे? पंख्याखाली वर्तमानपत्रावर सगळं उलटं घालावं, खाचांवर हेअर ड्रायर फिरवावा. मान जोडताना आट्यांना खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. मशीन कधीच भंगारात गेलेलं असतं, तेलाची बाटली मात्र घरात असतेच.