पडीक म्हणे!

आज सकाळी एका जमीन दलालाचा फोन. "ताई, तुमची ती पडीक जागा. दोन दिवस जेसीबी लावला की मैदान. गिऱ्हाईक तयार आहे." पडीक! हातातला चहा तसाच निवला.

मालवण तालुक्यात आमचे जमिनीचे तीन तुकडे. 1996 साली आजोबा गेले आणि नांगर थांबला. एकाच पावसात भिजणारे हे तुकडे, पण तिघांच्या तीन तऱ्हा.

उतारावरच्या वरकशीत नाचणी व्हायची. तिथे आधी गवत आलं, मग पुरुषभर रानमोडीची झुडपं. आज त्या रानमोडीच्या डोक्यावरून ऐन, किंजळ, कुंभा गेलेत. लावले कुणी? कुणीच नाही. आजोबा राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायचे, पण खोड राखायचे. मी सात वर्षांची, कोयता घेऊन पुढे सरसावले तर केवढ्यांदा ओरडले होते, "खोडाक कोयतो लावू नको गो!" खाली मुळं जिवंत होती, म्हणून रान उठलं.

खालच्या भाताच्या मळ्यात मात्र अजून एक झाड नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तळ घट्ट झालाय, पावसाळाभर पाणी तुंबतं. लव्हाळा आणि गवत, बस. भाऊ म्हणतो, "हे तरी पडीकच ना?" अरे, आषाढात रात्री बांधावर उभा राहा आणि बेडूक ऐक!

खाडीकडच्या खारीचा, म्हणजे बांध घालून राखलेल्या खारवट शेताचा, बांध फुटला तो फुटलाच. भरतीचं पाणी आत आलं आणि मागोमाग तिवरं. ओहोटीला चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी त्यांची मुळं वर डोकावतात. खारट मातीत दुसरं कोण येणार होतं?

रानमोडी परदेशी, गुरं तोंड लावत नाहीत, वणव्यात भडकते. मान्य. वानर-डुकरांपुढे शेतकऱ्याने हात टेकले, तेही खरं. आणि कांदळवन, म्हणजे हीच तिवरं, तोडायला उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभर बंदी घातली, तेव्हा ज्याची पिकती खार तिवरांखाली गेली त्याचं पोट जळणारच. पण म्हणून जेसीबी? तो फांदी तोडत नाही हो, खोड मुळासकट उपटतो. जांभ्याच्या उतारावरची वीतभर माती, मिरगाच्या दोन सरींत ओढ्याला लागेल. मग येईल ती नुसती रानमोडी, आणि तिच्या डोक्यावरून जायला ऐन कुठून आणाल? ज्याला सात वर्षांच्या पोरीच्या हातातल्या कोयत्याची काळजी होती, त्याच्या जमिनीत मी जेसीबी घालू?

जाऊ दे. सकाळपासून डोकं तापलंय.

मे महिन्यात गेले होते. एका किंजळाचे चार सोट एकाच बुडख्यातून उठलेले, मधलं जुनं खोड कुजत आलेलं, त्यावर कोयत्याच्या खाचा अजून दिसतात. बोट फिरवून बघितलं. आजोबांचेच घाव असणार, दुसरं कोण तोडत होतं तिथे?

दलालाला आत्ताच कळवलं. जागा विकायची नाही.