८.३ मिलीच्या हिशेबावर रिपोर्ट देऊ नका

लॅबवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "कन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिड १२ नॉर्मल असतं. ८.३ मिली घेऊन लिटरभर करा, ०.१ नॉर्मल तयार. स्टँडर्डायझेशन फक्त ऑडिटपुरतं. पातळ ॲसिड खराब होत नाही, एकदा काढलेला फॅक्टर वर्षभर चालतो." नवीन लागलेली मुलं यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे लिहितोय. नॉर्मल म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप. स्टँडर्डायझेशन म्हणजे शुद्ध पदार्थाशी ताडून ॲसिडची खरी तीव्रता काढणं, आणि ठरलेल्या तीव्रतेच्या ती किती पट आहे तो फॅक्टर.

आधी ते १२ नॉर्मल. बाटलीवरचं लेबल नीट वाचा. बहुतेक वेळा तिथे ३५ ते ३८ टक्के अशी मर्यादा दिलेली असते. ३५ टक्क्यांचं ॲसिड साधारण ११.३ नॉर्मल भरतं, ३८ टक्क्यांचं १२.४ च्या आसपास. शिवाय झाकण उघडलं की धूर निघतो, म्हणजे ॲसिड वायूच्या रूपाने उडून चाललेलं असतं. अर्धी संपलेली बाटली पहिल्या दिवसाइतकी तीव्र राहत नाही.

"ऑडिटपुरतं" हे वाचून मला खरंच राग आला. सोयाबीन पेंडीचं उदाहरण घ्या. जेल्डाल पद्धतीत (नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोजून प्रोटीन काढायची रीत) अमोनिया बोरिक ॲसिडमध्ये धरून याच ०.१ नॉर्मल ॲसिडने टायट्रेट करतात, म्हणजे किती ॲसिड लागलं ते मोजतात. ॲसिडचं स्टँडर्डायझेशन करताना ०.१३२५ ग्रॅम शुद्ध सोडियम कार्बोनेटला बरोबर २५ मिली ॲसिड लागायला हवं. तुमच्या ब्युरेटवर (ॲसिड सोडायची खुणांची नळी) २५.८ आलं, तर ॲसिड ०.०९६९ नॉर्मल आहे. फॅक्टर न लावता रिपोर्ट दिलात, तर ४५ टक्के प्रोटीनची पेंड ४६.४ दिसते. सौदा ४६ चा असेल, तर नापास गाडी पास होते आणि फटका कोंबड्या पाळणाऱ्याला बसतो.

फॅक्टर काढतानाही घाई नको. कार्बोनेट २७० अंशांवर तासभर तापवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करायचं. ओलसर राहिलं तर ॲसिड कमी लागतं आणि आहे त्याहून तीव्र भासतं. मिथाइल रेड (ॲसिडमध्ये रंग बदलणारा सूचक) घातलेलं पिवळं द्रावण गुलाबी झालं की पुष्कळजण तिथेच रीडिंग घेतात. फ्लास्क उकळून पाहा. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की रंग परत पिवळा होतो. गार करून थेंब-थेंब ॲसिड सोडायचं, पुन्हा उकळायचं. उकळूनही फिका गुलाबी टिकला, की तो खरा एंड पॉइंट, म्हणजे रीडिंग घ्यायची जागा.

पातळ ॲसिड टिकतं, एवढं त्या मेसेजमधलं बरोबर आहे. पण द्रावणाचं आकारमान तापमानाने बदलतं. एसीत २० अंशांवर बनवलेलं द्रावण ३५ अंशांच्या खोलीत वापरलं, तर फरक ०.४ टक्क्यांच्या घरात जातो. लातूरकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. सकाळी बाटलीच्या गळ्याशी आतून दव धरलेलं दिसतं, ते पाणी द्रावणातूनच वर गेलेलं असतं. आधी बाटली हलवा, मग ब्युरेट भरा.

सर्टिफिकेटसह मिळणारी तयार ॲम्प्यूल (मोजून भरलेल्या ॲसिडची सीलबंद कुपी) वापरायला माझी हरकत नाही. फक्त ती धुऊन शेवटच्या थेंबापर्यंत फ्लास्कमध्ये उतरवा आणि आमच्याकडे करतात तसा दर सोमवारी कार्बोनेटवर फॅक्टर तपासा.