टिंबर मार्केटचा रस्ता

वर्षभर मी कोल्हापुरातल्या टिंबर मार्केटवरून गाडी घातली नाही. ओल्या लाकडाचा वास आला की हात गार पडायचे, श्वास अडकायचा. घरच्यांना वाटायचं, याला गर्दीचा कंटाळा.

कारण आज पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या जहाजावर लाकडाचे ओंडके होते. बंद होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, ओंडके हवेतला ऑक्सिजन शोषून घेतात. बाहेर तो 21 टक्क्यांच्या आसपास असतो, आत इतका उतरू शकतो की दोन श्वासांत माणूस कोसळतो. वास येतो तो फक्त लाकडाचा. आमच्यातला एक जण शिडीनं खाली उतरला, तो वर आलाच नाही. मी तोंडाशी उभा होतो. उतरायला निघालोच होतो, चीफ ऑफिसरनं मागून बॉयलर सूट धरून ठेवला. अशा वेळी वाचवायला गेलेलाही मरतो, हे ड्रिलमध्ये दर दोन महिन्यांनी घोकून घेतात. मला ते पटतंही. पण रात्री तीन वाजता ड्रिल आठवत नाही. शिडीवर आपटत खाली गेलेलं त्याचं हेल्मेट ऐकू येतं.

जबाब झाले, माल उतरला, जहाज पुढच्या बंदराला निघालं. माझ्या कॉन्ट्रॅक्टचे चार महिने बाकी होते. "तू कसा आहेस?" हे कुणी विचारलं नाही.

कोल्हापुरात आलो. तालमीतले मित्र म्हणाले, "भावा, एवढं काय मनाला लावून घेतोस? गडी आहेस की!" प्रेमानंच म्हणाले, पण त्यानंतर मी तो विषयच काढला नाही. त्याहून मोठी भीती कंपनीची. आमचं काम कॉन्ट्रॅक्टवर. मेडिकलला अनफिट ठरलो तर जॉइनिंग, म्हणजे पुढच्या जहाजाचं बोलावणं, येत नाही, आणि घराचा हप्ता थांबत नाही. म्हणून झोप लागत नाही हे आम्ही डॉक्टरांपासूनही लपवतो. याचा दोष मी खलाशाला देणार नाही. पाय मोडला तर कंपनी खर्च करते. 2006 च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनला, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला, भारतानं 2015 मध्ये मान्यता दिली, त्यात दुखापतीबरोबर आजारही आहे. आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर सांगतो, विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरा. मग एजंटच्या ऑफिसात हे सांगताना आमची जीभ का अडखळावी?

एका रात्री बायकोनं विचारलं, "झोपेत कुणाला हाका मारता हो?" तेव्हा मी रडलो. दुसऱ्या दिवशी टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला, 14416 वर फोन लावला आणि उचलताच ठेवून दिला. संध्याकाळी परत लावला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पुढं राजारामपुरीत मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागलो. त्यांनी सगळं सावकाश बोलायला लावलं, मग हळूहळू टिंबर मार्केटच्या जवळ जायला. आधी लांबच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं, सोबत बायको. परवा एकटा वखारीच्या दारापर्यंत गेलो. घाम फुटला, पण उभा राहिलो.

जहाजावर असाल तर खलाशांसाठी काम करणाऱ्या इस्वान संस्थेची 'सीफेररहेल्प' ही हेल्पलाईन आहे, तीही फुकट, चोवीस तास, बऱ्याच भाषांत. नंबर आजच फोनमध्ये ठेवा. आणि कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजकडचं कुणी नुकतं साईन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरून उतरून, आलं असेल, तर इनबॉक्समध्ये लिहा. महिनाअखेरपर्यंत मी घरीच आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर बसू. बोलायचं नसेल तरी या.